पोट की बोट

तिसरीच्या बाईंना मुलं मागून 'पुन्हाबाई' म्हणत. कोणी काही सांगायला गेलं की त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: "पुन्हा सांग. माझ्याकडे बघून, स्वच्छ." पालकांना ही शिस्त वाटे. खरी गोष्ट अशी होती की बाईंना चार वर्षांपासून ऐकू कमी येत होतं आणि हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बरंचसं निभावून नेत. जे निसटे तिथे हसून मान डोलवत. वय बावन्न, नोकरीची सहा वर्षं बाकी. बहिऱ्या बाईला वर्गावर कोण ठेवील, ही धास्ती मनात घर करून बसली होती.

मंगळवारचा शेवटचा तास 'माझी काळजी, आपली काळजी' या विषयाचा. बाकीचे शिक्षक त्यातून अंग काढून घेत. परीक्षा नाही, गुण नाहीत आणि मुलं काय विचारतील याचा नेम नाही. बाईंनी तो आपणहून मागून घेतला होता. या तासाला मुलं एकेक करून पुढे येऊन बोलत, म्हणजे ओठ नीट दिसत. पण शिकवता शिकवता त्यांना त्याची गोडीही लागली होती.

त्या मंगळवारी त्यांनी फरशीवर मोठा कागद पसरला, वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीला त्यावर झोपवलं आणि तिच्या कडेने खडू फिरवला. कागदावर माणूस उमटला. मग मुलांनी त्यावर बोट ठेवून सांगायचं: कुठे दुखतं, केव्हापासून, किती. "लाजायचं नाही," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं. मोठं माणूस ऐकतं."

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला वर्गात नुसता कालवा होता. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उठून टेबलाशी आली. तिचा आवाज इतका बारीक की वर्गात तिला 'चिमणी' म्हणत. ती शिकवल्याप्रमाणे एका दमात म्हणाली, "बाई, पोट दुखतंय. सकाळपासून. खूप."

बाईंनी ओठ वाचले: बोट दुखतंय. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तर्जनीवर कागदाने कापल्याची बारीक रेघ खरंच होती. त्यांनी खणातून औषधाची पट्टी काढली, गुंडाळली, वर फुंकर घातली. मुलगी क्षणभर पट्टीकडे बघत राहिली. "बाई, पोट," ती पुन्हा म्हणाली.

"हो गं, होईल बरं. जा, बस जागेवर."

बाईंनी पट्टी लावली म्हणजे तिचा काहीतरी उपयोग असणार, असं समजून ती जाऊन बसली. तासाभराने ती बाकाखाली मुटकुळं करून पडलेली सापडली. तिला उलटी झाली होती आणि अंग तापलं होतं. शाळेच्या गाडीने बाईंनीच तिला दवाखान्यात नेलं. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं होतं. लगेच शस्त्रक्रियेला घेतलं.

तिचे वडील रंगारी होते. अंगावरच्या चुन्याच्या शिंतोड्यांसकट धावत आले. आत नेण्याआधी त्यांना तिला भेटता आलं होतं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "बाई, तिच्या बोटाला पट्टी कसली? ती म्हणते, पोटासाठी लावली."

पोट, बोट. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा कुठे त्यांना कळलं. सावरून घेणं सोपं होतं, ती हळू बोलते, गोंगाट होता. पण त्या म्हणाल्या, "तिनं मला बरोबर सांगितलं होतं. दोनदा. मीच चुकीचं ऐकलं. मला ऐकू कमी येतं."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

"मग शिकवता कशाला?" रंगारी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाई बाकावर बसल्या. शस्त्रक्रिया दीड तास चालली.

डॉक्टर बाहेर आल्या. आधी त्या वडिलांशी बोलल्या, ते बाईंना कळलं नाही. पण रंगाऱ्याचे खांदे सैल झालेले दिसले आणि बाईंच्या जिवात जीव आला. ते त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, चेहरा नीट दिसेल असे. "वेळेत आणलंत," ते सावकाश म्हणाले. "पोरगी ठीक आहे. आता तुम्ही पण कान दाखवून घ्या."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "मी समजायचो, लग्नाला तीस वर्षं झाली की बायका ऐकेनाशा होतात," तो म्हणाला. बाईंना हसूही आलं आणि रडूही.

सकाळी त्या राजीनामा लिहूनच शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "चार वर्षं मला वाटतंय तुम्ही माझ्यावर रुसलात," त्या म्हणाल्या. "मागून हाक मारली की ढुंकून बघत नाही. पंधरा दिवस रजा घ्या, कानाला यंत्र बसवून या. आणि मुलीच्या वडिलांना मी स्वतः भेटेन."

यंत्र घेऊन बाई वर्गात आल्या तेव्हा मंगळवारच होता. मुलांना त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, चिमणीचं बरोबर होतं आणि आपलं चुकलं, हेही. मग कानातलं यंत्र काढून दाखवलं. "बाई, हे घालून आम्ही मनात बोललेलं पण ऐकू येतं का?" एकाने काळजीने विचारलं.

"नाही. पण कुजबुजलेलं येतं," बाई म्हणाल्या. मागच्या दोन बाकांवर एकदम शांतता पसरली.

चिमणी आणखी दहा दिवसांनी परतली. पोटावरचे टाक्यांचे व्रण सगळ्यांना दाखवून झाल्यावरच जागेवर बसली.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत बाई चहा घेत एकट्याच बसल्या होत्या. टप, टप असा आवाज येत होता. त्यांनी शिपायाला बोलावलं. "मामा, नळ गळतोय वाटतं."

"बाई," शिपाई म्हणाला, "तो केव्हाचा गळतोय."

बाईंनी कप खाली ठेवला आणि थोडा वेळ तो आवाज ऐकत बसल्या.