आक्काताईंनी लिनक्स टाकलं

आष्ट्याच्या बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आक्काताई मगदूमांचं टायपिंगचं दुकान आहे. तहसीलचा अर्ज, सोसायटीच्या सभेची नोटीस, लग्नाची पत्रिका, मंदिरातल्या पूजेचं निमंत्रण, काहीही छापायचं असलं की लोक त्यांच्याकडे येतात. एकोणीसशे सत्त्याऐंशी साली सांगलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून त्या मराठीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाल्या. लग्न होऊन आष्ट्याला आल्या, तेव्हा सोबत टाइपरायटर होता. नव्व्याण्णव साली कॉम्प्युटर घेतला, पण त्यातलं मराठी सॉफ्टवेअर टाइपरायटरसारखंच चालायचं. बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही. मशीनं दोनदा बदलली, तेच सॉफ्टवेअर आणि जुन्या फायली प्रत्येक वेळी पुढच्या मशीनवर गेल्या.

दोन हजार पंचवीसच्या दिवाळीच्या सुमाराला पडद्यावर एक सूचना यायला लागली. विंडोजची ही आवृत्ती आता संपली आणि नवी ह्या मशीनवर चढणार नाही, असा तिचा अर्थ. सांगलीच्या दुकानदारानं नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं. आक्काताईंचे यजमान सुकुमारअण्णाही म्हणाले, "घेऊया की नवा." पण धडधाकट मशीन भंगारात घालायचं आक्काताईंच्या जिवावर आलं.

त्याच आठवड्यात पलूसचे वीरधवल मोहिते बांधाच्या मोजणीचा अर्ज टाइप करायला आले. फौजेत सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी ती सूचना वाचली.

"आक्काताई, ह्ये काय म्हनतंय?"

"म्हातारं झालंय म्हणतंय. टाकून द्या म्हणतंय."

"आवं, मशीन लय चांगलं हाय. आतली विंडोज काढा आन् लिनक्स टाका. मी फौजेत कैक वर्सं त्येच्यावरच काम केलंय. फुकट मिळतंय."

"फुकट? मग त्यात काहीतरी खोट असणार."

"खोट न्हाई. जगभरातली मान्सं मिळून बनवत्यात आन् वाटत्यात."

आक्काताईंनी दोन दिवस विचार केला आणि रविवारी त्यांना बोलावलं. वीरधवलनी आधी सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर काढून घेतल्या, मग पेनड्राइव्ह लावला. तासाभरात मशीन नव्यानं चालू झालं आणि पहिल्यापेक्षा चटपटीत चालायला लागलं. आक्काताईंनी हौसेनं एक जुनी पत्रिका उघडली. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं यांचा नुसता कचरा दिसत होता. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय ती अक्षरं मराठी दिसत नव्हती. सव्वीस वर्षांचं काम त्या कचऱ्यात होतं.

वीरधवलनी एक प्रोग्राम शोधून काढला. जुना मजकूर त्यात टाकला की युनिकोडमधलं मराठी बाहेर यायचं, कुठल्याही मशीनवर, कुठल्याही फोनवर दिसणारं. आक्काताईंचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच महिन्यात भरतेश चौगुल्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका छापायला आली. नव्या मराठी कीबोर्डवर आक्काताईंचा हात अजून बसला नव्हता. चौगुल्यांच्या थोरल्या मुलीची, श्रद्धाची पत्रिका त्यांनीच केली होती. तोच मजकूर त्यांनी प्रोग्राममधून काढला आणि तिच्यातली घरच्यांची नावं उचलून हवी तिथं बसवली. भरतेशनी नमुना फोनवर पाहून होकार दिला. चारशे पत्रिका छापून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भरतेश दुकानात आले आणि पत्रिका टेबलावर ठेवली.

"आक्काताई, माझ्या पोराचं नाव आजर्व कधीपासनं झालं?"

आक्काताईंनी पाहिलं. आर्जवचं आजर्व झालं होतं. वर्षानुवर्षं त्या प्रत्येक कागद बोट ठेवून वाचत आल्या होत्या आणि नेमका नवरदेवाच्या नावावर डोळा चुकला होता. "बसा म्हणत नाही. उद्या चारशे नव्या देते," एवढंच त्या बोलल्या, आणि दिल्याही.

मग त्यांनी वीरधवलना फोन लावला. "हवालदार, माझी जुनी विंडोज मला परत टाकून द्या."

"टाकतो की," ते म्हणाले आणि डिस्क घेऊन आलेही. ते वायरी जोडत असताना आक्काताईंनी विचारलं, "पण तो रफार उडी मारून पुढं का गेला?"

"ताई, टाइपरायटरवर तुमी आदी ज मारायच्या आन् मग वर रफार. ह्या नव्या पद्धतीत आपुन जसं बोलतो तसं. आदी र, मग ज. बदलनाऱ्या प्रोग्रामला ते कळलं न्हाई, त्यानं हाय तसं उतरवलं."

आक्काताईंनी ते नाव मोठ्यानं उच्चारून पाहिलं. आ, र्, ज, व. खरंच, तोंडात र आधी येत होता. पहिली वेलांटीही तशीच; टाइपरायटरवर आधी वेलांटी, मग अक्षर. इतकी वर्षं त्या डोळ्याला दिसेल तसं मारत होत्या, बोलण्याप्रमाणे नव्हे.

"म्हणजे हे नवं शहाणंच आहे म्हणायचं."

"हाय की."

"मग राहू दे. डिस्क घेऊन जावा तुमची."

अठ्ठावन्नाव्या वर्षी आक्काताई पुन्हा टायपिंगच्या विद्यार्थिनी झाल्या. बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. सकाळी मंदिरातून आल्यावर सुकुमारअण्णा पेपर वाचून दाखवायचे आणि त्या टाइप करायच्या. पहिल्या आठवड्यात मिनिटाला आठ शब्द. अण्णा कंटाळायचे, पेंगायचे, पण रोज बसायचे. बोटं सवयीनं जुन्या जागी जायची, तेव्हा आक्काताई स्वतःवरच चिडायच्या. संक्रांतीपर्यंत वेग पंचवीसवर आला. त्या प्रोग्राममध्ये कुठली अक्षरं बिघडतात हे त्या वहीत टिपत गेल्या. तेवढ्या टिपणांवरून वीरधवलनी प्रोग्राम दुरुस्त केला.

त्याचा उपयोग फाल्गुनात झाला. नदीकाठच्या एका गावातल्या जैन मंदिराचे पंच आले. मंदिराचा इतिहास आणि गावातल्या घराण्यांची माहिती असलेलं पुस्तक आक्काताईंनीच दोन हजार तीन साली टाइप केलं होतं. एकोणीसच्या महापुरात मंदिराचं कपाट बुडालं आणि शिल्लक प्रतींचा लगदा झाला. फाईल आहे का, एवढंच विचारायला ते आले होते.

फाईल होती. आक्काताईंनी ती दुरुस्त प्रोग्राममधून काढली, अकरा दिवस ओळीवर बोट ठेवून वाचली आणि पंचांच्या फोनवर पाठवली. दोन दिवसांत ती गावभर फिरली. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांच्या फोनवरही पोचली.

आठवड्यानं त्या गावच्या भामाबाई नातीला घेऊन दुकानात आल्या. ऐंशीच्या पुढचं वय. नातीनं फोनवर अक्षरं मोठी केली आणि भामाबाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे माझं सासरे. नाव बाबगोंडा. तुमी बाळगोंडा लिवलंय."

"कधीपासून चुकलंय?"

"पुस्तक छापलं तवापासनं. छापल्यालं काय पुसायचं म्हणून कवा बोलले न्हाई."

आक्काताईंनी त्यांना खुर्ची दिली, पुस्तकाची फाईल उघडली आणि नाव दुरुस्त केलं. मग ते पान पडद्यावर मोठं करून भामाबाईंना वाचायला लावलं, आणि नवी फाईल त्यांच्यासमोरच नातीच्या फोनवर पाठवली.