माहेरचा मोगरा आणि माझी बादली

माझा जन्म कडेगावकडच्या ऊसपट्ट्यातला. आमच्याकडे पीक कोमेजलं की पाणी सोडायचं. तरी नाही सुधारलं तर आणखी पाणी सोडायचं. एवढ्या ज्ञानावर मी मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर म्हसवडला, बायको शिकवते त्या शाळेच्या गावी राहायला आलो आणि अंगणातल्या झाडांचा कारभार हाती घेतला.

झाडं म्हणजे खरं तर एकच, बायकोच्या माहेरचा मोगरा. सासूबाई गेल्या, घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने अंगणभर फरशी घालायचं ठरवलं. त्याआधी बायकोने मोगरा मुळांसकट काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीने आणला. तो गेला तर दुसरा आणायला आता माहेर नव्हतं.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "शेतकऱ्याचा मुलगा आहे मी."

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येई. मी आंघोळीचं पाणी साबण लावण्याआधी बादलीत धरू लागलो. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं सकाळ-संध्याकाळ थेट बुंध्यात. वैशाखात पानं पिवळी पडली. मी बादल्या वाढवल्या.

मग मोबाइलवर पाहिलं, की रोपाशेजारी मडकं पुरलं तर पाणी आपोआप झिरपतं. मडक्यासाठी सांगलीला जाऊन आलो. साध्या मडक्यांच्या रांगेत एक रंगवलेलं, वेलबुट्टीचं होतं. दुकानदार 'पारंपरिक तंत्रज्ञान' असं काही म्हणाला. तेच घेतलं. मोगऱ्याशेजारी पुरलं, पाण्याने भरलं, फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले. आठ दिवसांनी मडकं तसंच काठोकाठ भरलेलं. माल चांगला आहे, असा मी निष्कर्ष काढला. बादल्या चालूच होत्या.

पानं गळायला लागली तेव्हा बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त बाहेरून आली की चप्पल काढायच्या आधी झाडाकडे बघून यायची.

शेजारच्या चाची बांगड्या विकतात. साठी उलटली, पण अजून टोपली घेऊन गावोगावच्या बाजारांना जातात. त्यांच्या दारात जुन्या तेलाच्या डब्यांतून कढीपत्ता, गवती चहा, मिरच्या असं सगळं हिरवं असतं. त्या बायकोला बांगड्या भरायला आल्या होत्या. त्यांनी मोगऱ्याच्या मातीत बोट खुपसलं, वर काढलं आणि वास घेतला.

"आवं गुरुजी, रोज पानी घालताय?"

"दोनदा."

"या मुलखात झाड तहानंनं मरतं. तुमी बुडवून मारायलाय. आवं, ह्यो ऊस हाय का?" मग मडक्याकडे बघून म्हणाल्या, "आन हे काय? रंग दिल्यावर पानी झिरपंल कुठनं? गुरुजी, पोरास्नी काय शिकवलंत ओ?"

बायको हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

चाचींनी सांगितलं ते असं. बोटाचं दुसरं पेर कोरडं लागेपर्यंत पाणी नाही. पाणी बुंध्यात नाही, वीतभर लांब आळ्यात. जुनं, बिनरंगाचं मडकं पुरून तोंड झाकायचं, म्हणजे डास होत नाहीत. वरून भुईमुगाची टरफलं पसरायची, पण बुंध्यापासून दोन बोटं दूर, नाहीतर वाळवी लागते. पश्चिमेच्या उन्हाला जुन्या साडीचा आडोसा. मी वहीत लिहून घेत होतो. त्या म्हणाल्या, "लिव्हू नका, बोट घाला."

जाताना त्यांनी दोन हिरव्या फांद्या कापून घेतल्या. मी म्हणालो, "कशाला?"

"माझ्या डब्यात लावते. तुमचा भरवसा न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. मुळं कुजली होती. मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी पावसाळा लागेपर्यंत झाड वाळून गेलं. मी ते उपटलं तेव्हा बायको दारात उभी होती. "राहू द्या," म्हणाली. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत." ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

चाचींच्या डब्यातली एक फांदी जगली. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या कुंपणापाशी आल्या. ओंजळीत तीन फुलं होती. त्यांनी बायकोला हाक मारली.

"घे गं. म्हायेरचं हाय."

बायकोने फुलं केसांत माळली नाहीत. दिवसभर पदराच्या टोकात बांधून ठेवली.

आता त्या झाडाचं एक रोप आमच्या अंगणातही आहे. त्याला पाणी मीच घालतो, बोट घालून बघितल्यावर. मी बादली उचलली की बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. कुंपणापलीकडून चाचीही बघत असतात. मी बोट वर करून दोघींना दाखवतो.