दाराकडची खुर्ची

"स्वप्नाला कुणी विचारतं का, तुझी गोष्ट काय म्हणून?" असं मावशी एकदा म्हणाली, तेव्हा थिएटरचा मालक हसून बेजार झाला होता.

अंधारात लोकांना खुर्च्या दाखवणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला बॅटरीमावशी म्हणत. त्या आठवड्यात दुपारी कुणा अनोळखी माणसाचा सिनेमा लागला होता. ना शेंडा, ना बुडखा. एक बाई दार उघडते, आत गुडघाभर पाणी. दुसरं उघडते, आत तिचीच आई, पण तिच्याहून लहान, केस विंचरत बसलेली. कुणी बोलत नाही. सिनेमा निम्मा होईतो निम्मे लोक उठून जात. मावशी मात्र दाराशी उभी राहून रोज बघे. नवरा गेल्यापासून तिला स्वप्नच पडलं नव्हतं. इथे ते दुपारी पडत होतं, तेही उभ्या उभ्या.

"आज एक जरी माणूस मधे उठला, तर उद्यापासून हाणामारीचा सिनेमा," मालकाने बजावलं.

"आणि नाही उठला तर?"

"तर हाच चालवतो. आणि बॅटरी घेऊन तुमच्या जागी मी उभा राहतो!"

उठणाऱ्यांच्या पाठी पाहण्यात मावशीचा जन्म गेला होता. कंटाळून पहिला एखादाच उठतो. बाकीच्यांचं स्वप्न मोडतं ते त्याने उघडलेल्या दारातल्या उजेडाने, मग तेही उठतात. म्हणून त्या दुपारी तिने कुणालाच तिकिटावरची जागा दिली नाही. सगळ्यांना एकाच रांगेत कोंबलं.

"अहो, अख्खं थिएटर रिकामं पडलंय!" एक टक्कलवाले काका कुरकुरले.

"म्हणूनच, काका. यात एकटं बसलं की भीती वाटते. सरका."

एका टोकाला भिंत होती. दुसऱ्या टोकाच्या, दाराकडच्या खुर्चीवर मावशी स्वतः बसली, वाट अडवून. बॅटरी विझवली.

पडद्यावर पाणी आलं. काका चुळबुळले, अर्धे उठले.

"बसा हो," शेजारची बाई नजर न हलवता पुटपुटली, "दार उघडतंय."

काका बसले.

शेवटी दिवे लागले, तरी रांग हलेना. काका रुमाल शोधत होते. "उद्या आहे ना हो परत?" त्यांनी विचारलं.

मागे मालक आ वासून उभा होता. "मावशी, केलंत तरी काय?"

मावशीने बॅटरी त्याच्या हातात ठेवली, पिशवी खांद्याला अडकवली, आणि भर उन्हात निघून गेली.