पाटल्या आणि वायरलेसचा सेट

सोन्यातून वीज झकास जाते, हे मला शाळेत शिकवलं होतं. परीक्षेत मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं. आणि तरीही लग्न होऊन कल्याणला आल्यावर, पडवीत पाटावर बसून, हातात सोन्याच्या पाटल्या घालून मी वायरलेसच्या सेटच्या पोटात हात घातला. वर स्वतःच्या हुशारीवर खूश होते. आता नातवंडं मला म्हणतात, आजी, चार्जरला हात लावू नकोस, आम्ही लावतो. तेव्हा मला त्यांचा नाही, त्या पाटलीवाल्या बयेचा राग येतो.

दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. आसपासच्या छावण्यांतला लष्करी माल वजनावर विकला जायचा. आमच्या ह्यांची नोकरी ठाण्याला. तिला जोड म्हणून ह्यांनी बंद पडलेले वायरलेस सेट आणायला सुरुवात केली. आणलेला सेट घरच्या विजेवर लावून बघायचा. बोलला तर तसाच विकायचा, नाही बोलला तर फोडायचा. तांब्याची तार एकीकडे, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा दुसरीकडे, काचेचे व्हॉल्व्ह कापसात. आधी पडवी भरली, मग माजघराचा कोपरा, मग बंबामागची जागा. अंघोळीचं पाणी काढायला गेलं की पायात मिलिटरी यायची.

त्या पसाऱ्याने मी वैतागायचे, पण खरा वैताग वेगळा होता. मला ते काम हवं होतं. मॅट्रिक झालेली, सायन्सची आवड असलेली मी, आणि माझ्याकडे काय, तर स्क्रू निवडणं. तांदूळ निवडून झाले की ताटात स्क्रू घ्यायचे. गंजके इकडे, बरे तिकडे.

शेवटी ह्यांची जाड बोटं माझ्या कामी आली. आतल्या अडचणीच्या जागी ती शिरायची नाहीत आणि व्हॉल्व्ह फुटायचे. मग नाइलाजाने मला बोलावणं आलं, आणि त्याबरोबर मुंजीतल्या बटूला सांगावेत तसे नियम. प्लग काढल्याशिवाय बसायचं नाही. कोरड्या लाकडी पाटावरच बसायचं. हात ओले नकोत. काम उजव्या हाताने, डावा खिशात, म्हणजे वीज छातीतून जात नाही. मी म्हटलं, अहो, लुगड्याला खिसा कुठून आणू? तर म्हणाले, खोच कुठेतरी. मग मी डावा हात पदरासकट कमरेला खोचायचे.

शेवटचा नियम कंडेन्सरचा. कंडेन्सर म्हणजे सेटमधला वीज साठवणारा डबा. प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात वीज उरते. म्हणून लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्याच्या टोकाला आणि सांगाड्याला एकदम टेकवायचा, चट् आवाज येतो, ठिणगी उडते, मग तो रिकामा. हे मात्र ते स्वतःच करायचे, आणि करताना भुवया अशा उंचवायचे की मला वाटलं, हा सगळा भाव खाण्याचा प्रकार आहे. प्लग माझ्या हातात असताना वीज येणार कुठून? चुलीतली लाकडं ओढली तरी तवा चटका देतो, हे रोज भाजून घेणाऱ्या बाईला सुचू नये!

आता पाटल्यांचं. माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. सेटच्या पोटात त्या खटाखट अडकायच्या आणि फुटायच्या. फुटायच्या म्हणायचं नाही, वाढायच्या. दर खेपेला सासूबाईंचा चेहरा पडायचा. सवाष्णीची बांगडी अशी लोखंडात वाढणं बरं नव्हे, असलं काम करायचंच कशाला, असं त्या भिंतीला सांगायच्या. बांगड्या उतरवून बसते म्हटलं तर त्याहून वाईट, कारण नवरा जिवंत असताना ओकेबोके हात. इकडे हे म्हणायचे, आईला पटत नसेल तर राहू दे. म्हणजे माझं काम दोन बांगड्यांवर लटकलेलं. चरफडत मी तोड काढली: काचेच्या उतरवून फक्त लग्नातल्या पाटल्या ठेवायच्या. हात ओके नाहीत, आणि सोनं काही वाढत नाही. मला वाटलं, जिंकले.

एका सकाळी ह्यांनी सेट लावून बघितला, तो बोलेना, गाडीची वेळ झाली. प्लग ओढून निघाले आणि जाता जाता म्हणाले, मी आल्याशिवाय हात लावू नकोस. ते स्टेशनात पोचलेही नसतील, मी पाटावर बसले. डावा हात कमरेला. केवढी ती शिस्त! उजवा हात आत गेला, पाटली सांगाड्याला टेकली आणि बोट कंडेन्सरच्या टोकाला.

कोणीतरी मनगट धरून पिळलं आणि मला मागे फेकलं. मी स्क्रूंच्या ताटात जाऊन पडले. कापसातले व्हॉल्व्ह लाथेने उडाले. सासूबाई परसातून धावत आल्या तेव्हा मी काय केलं असेल? मनगट पदराखाली लपवलं आणि म्हटलं, काही नाही, पाय घसरला. पाटावर बसलेल्या बाईचा पाय घसरला.

संध्याकाळी ह्यांनी फुटक्या काचा बघितल्या, मग माझ्या मनगटावरचा लालभडक डाग. सगळं कळलं. आवाज चढवला नाही, त्यानेच मला जास्त चीड आली. उद्यापासून सेटला हात लावायचा नाही, स्क्रूसुद्धा नकोत, असं म्हणून पाय धुवायला मागे गेले. मी चुलीपुढे बसून ओली लाकडं फुंकत राहिले. धूर होताच, रडायला सोयीचा.

सासूबाई तुपाची वाटी घेऊन शेजारी बसल्या. माझा हात ओढून घेतला, पाटल्या काढून स्वतःच्या ओच्यात टाकल्या, डागावर तूप लावलं. मला वाटलं, आता सवाष्णीवर सुरू होणार. मागच्या दाराकडे एकदा बघून घेत त्या हळूच म्हणाल्या,

"काचेच्याच घाल. वाढल्या तर वाढल्या, कासाराला मी बोलावते. आणि त्याचं मनावर घेऊ नकोस गं, त्यालाही बसलाय असाच झटका. तेव्हा ओरडला नाही, म्हणून त्याला वाटतं मला कळलं नाही."