मन्मथअप्पाचं बसून खाणं

सकाळी आम्ही दुकानाचं शटर वर ढकललं की समोरच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर मन्मथअप्पा येऊन बसायचा. अंघोळ झालेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात काखेत विरलेली बंडी. आम्ही घागरी, पातेली, परातींच्या चळती बाहेर मांडत घामाघूम होत असू आणि हा मांडी घालून दात कोरत बघत असे. बघून झालं की म्हणायचा, "चालू दे काश्या, तुझं चालू दे." पुढं माझ्याच खात्यावरचा चहा बशीत ओतून, आवाज करत प्यायचा आणि शेवटी बशी चाटायचा. वर्षानुवर्षं मी हे बघितलं. आजही कुणी बशीतून चहा प्यायला लागला की मी उठून दुसरीकडे जातो.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं होतं तेवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे मी मोकळा.

भाव करण्यात अप्पासारखा माणूस केज तालुक्यात दुसरा नव्हता. मी सायकलच्या कॅरियरला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी बांधून नांदूरघाटच्या बाजाराला जायचो, तेव्हा शेजारीच त्याचं गोणपाट असायचं. एकदा एका गिऱ्हाईक बाईवरून आमची जुंपली. मी त्याच्या गचांडीला हात घातला. तो शांतपणे म्हणाला, "आरं बे, आपुन भांडलो तर गिऱ्हाईक हसत जातंय. दोघं एक हून भांडू, गिऱ्हाईक रडत जाईल." त्या दिवसापासून आमची भागी झाली. पुढं केजला बाजारपेठेत दुकान घेतलं.

आमच्या धंद्यात खरी कमाई मोडीत. बाई जुनी पितळी घागर घेऊन येते, ती आम्ही मोडीच्या भावानं घ्यायची आणि नवं भांडं द्यायचं. मोडीचा भाव पाडता आला तो तरला. मी आरडाओरडा करून भाव पाडायचो. अप्पा अक्षर बोलत नसे. घागर पालथी करायचा आणि बुडाकडे बघत राहायचा. इतका वेळ बघायचा की बाईला वाटे, बूड फुटलंय की काय. शेवटी तीच म्हणायची, "बरं, दोन रुपये कमी द्या, पण घ्या." मी ही कला त्याच्याकडून शिकायचा लई प्रयत्न केला. माझ्या तोंडाला गप्प राहणं जमलं नाही.

झालं चांगलं सांगून.

ती वर्षं अशी होती की सगळा देशच धावायला निघाला होता. गावात केबल आली, पानाच्या टपरीवर थंड बाटल्या आल्या, मास्तर लोक हप्त्यावर मोटारसायकली घेऊ लागले. नवऱ्या मुलींना पितळ नको झालं, स्टील पाहिजे झालं. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आणि नेमकं तेव्हा अप्पाला बसायचं सुचलं. वय बेचाळीस. एकुलत्या पोरीचं लग्न उरकलेलं, घर स्वतःचं, अंगात बैलाची ताकद.

"काश्या, माझं पुरं झालं," तो म्हणाला. "बँक शेकडा रुपया व्याज देती महिन्याला. माझा हिस्सा टाकतो, बसून खातो. पैशानं राबावं, आपुन बघावं."

"बेचाळिसाव्या वर्षी? लोक काय म्हणतील?"

"गाढवाला मरंपतूर वझं हाय, मान्य. मानसाला कावून?"

मी म्हणालो, ठीक आहे, पण लग्नसराई तोंडावर आलीय, सगळा पैसा मालात घालायचाय, वैशाख उलटू दे. तो म्हणाला, "वैशाख उलटला की तू दिवाळी म्हनशील. तुला मी वळखत न्हाई व्हय?" मी भांडलो, हात जोडले, शिव्या दिल्या. तो समोरचं पातेलं पालथं करून बुडाकडे बघत बसला. तेव्हा मला त्या सगळ्या बायांचं दुःख कळलं. मी दोन पावलं मागं आलो, मग चार. शेवटी त्याचा हिस्सा रोख द्यायला मी मांजरसुंब्याची रस्त्याकडेची जागा विकली. सायकलवर भांडी विकून घेतलेली जागा. आज तिथं ढाबा आहे आणि ट्रकांची रांग लागलेली असते. एसटी मांजरसुंब्याला थांबली की सगळे चहाला उतरतात. मी उतरत नाही. खिडकीसुद्धा लावून घेतो.

पहिली दोन-चार वर्षं अप्पाचा थाट बघवत नव्हता. कडक इस्त्रीचं धोतर, घरात रंगीत टीव्ही, संध्याकाळी ओट्यावर दरबार. तलाठी, मास्तर त्याला विचारायला यायचे, "अप्पा, आमाला अठ्ठावन्नपर्यंत कळ काढावी लागते, तुमी कसं जमवलं?" अप्पा पाय हलवत म्हणायचा, "हाव सोडावी लागती." हाव सोडलेला हा माणूस त्याच मास्तराच्या पानपुड्यातली सुपारी उचलून तोंडात टाकायचा.

मग बँकांचं व्याज उतरायला लागलं. शेकडा रुपयाचे बारा आणे झाले, बारा आण्यांचे आठ आणे. रॉकेल, तेल, डाळ मात्र चढत होती. दुसरा कुणी असता तर उठून कामाला लागला असता. मीही एकदा रस्ता ओलांडून गेलो आणि म्हणालो, "अप्पा, गल्ल्यावर ये. पगार देतो." खोटं कशाला बोलू, 'पगार' हा शब्द मी जरा चघळूनच म्हटला.

"न्हाई बे. बसलेला मानूस उठला की लोक हसत्यात."

त्यानं खर्च कापायचं ठरवलं. पेपर बंद केला, न्हाव्याच्या दुकानात जाऊन वाचू लागला. घरचा गॅस विकला, त्याची बायको, आमच्या महानंदावहिनी, पुन्हा चुलीला लागल्या. साबण फक्त कपड्यांपुरता राहिला. पोर दिवाळीला यायची तर तिलाच निरोप गेला, "एवढ्या लांब कावून यायलीस, आमीच येतो." आणि हे दोघं तिच्या घरी आठ दिवस जेवून आले. ओट्यावर हा सगळं मोठ्या अभिमानानं सांगायचा. गरिबीची मला कधी किळस आली नाही, मी तिच्यातूनच आलोय. पण हा गरीब नव्हता. याला फक्त उठायचं नव्हतं.

मग पाळी आली आहेराची. आमच्याकडे लग्नाकार्यात भांडं देतात आणि त्यावर देणाऱ्याचं नाव घालून देतात. अप्पाच्या वास्तुशांतीला आलेली भांडी माळ्यावर पडून होती. त्यातली एक परात घेऊन तो दुकानात आला. "काश्या, एवढं नाव घासून दे आन् माझं घाल. भाच्याचं लगीन हाय." जुन्या भागीची लाज म्हणून एकदा घालून दिलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा दुकानातून हाकलला. मग तो घरीच पॉलिश पेपर घेऊन नावं घासायला बसू लागला.

माझ्या पोरीच्या, सुमनच्या लग्नाला तो आला. पंगतीत दोनदा जिलबी मागून घेतली, जाताना पितळी हंडा दिला. मला बरं वाटलं. म्हटलं, काही झालं तरी सुमनला यानं मांडीवर खेळवलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी आहेर लावताना मी तो हंडा हातात घेतला आणि उन्हाकडे तिरपा धरला. गळ्यावर मन्मथअप्पाचं नाव ठसठशीत. त्याच्याखाली, घासलेल्या जागेत, पुसट अक्षरं होती. माझंच नाव. त्याच्या वास्तुशांतीला मीच दिलेला हंडा होता तो.

मी तसाच हंडा घेऊन त्याच्या घरी गेलो आणि अंगणात आपटला. अप्पा खाटेवर पडून टीव्ही बघत होता. ओसरीभर दोऱ्यांवर शेवया वाळत घातलेल्या, आणि मधोमध महानंदावहिनी शेवयाचं यंत्र फिरवत होत्या, कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या. लोकांच्या ऑर्डरी होत्या त्या. व्याजावर चाललेलं म्हणवणारं घर खरं कशावर चाललं होतं ते मला तिथं दिसलं.

"लाज वाटती का तुला?" मी ओरडलो.

अप्पानं मान वळवली. "ओरडू नको बे. भांडं तुजंच हाय, तुला परत मिळालं. तुला कमी कुठं पडलं?"

वहिनींनी हंडा उचलला, गळ्यावरून बोट फिरवलं. त्यांना अक्षरं लावत वाचता येत होतं. पदरानं हंडा पुसला आणि आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. चिंचेनं घासून लख्ख केलेला हंडा माझ्यापुढं ठेवला. "भावजी, हा तुमचा तुमाला. सुमनचा आहेर माझ्याकडनं ऱ्हायलाय. चांगला हंडा दाखवा."

मी स्टीलचा जाड हंडा काढला, भाव सांगितला. वहिनींनी तो पालथा केला आणि बुडाकडे बघू लागल्या. मी थांबलो. गिऱ्हाइकं आली, गेली. वहिनी बघतच होत्या. माझं डोकं फिरलं. "वहिनी, बूड चांगलं हाय त्याचं!" मी भाव उतरवला. त्यांनी मान वर केली नाही. आणखी उतरवला. शेवटी खरेदीच्या भावावर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या भावात घेते. पर पैसे आज न्हाईत. कामातून फेडीन."

"कसल्या कामातून?"

"तुमच्या दुकानात बाया येत्यात आन् तुमच्या वरडण्याला भिऊन शेजारच्या दुकानात जात्यात. मी रस्त्यावरनं बघते की रोज."

पगाराचीही त्यांनी तशीच घासाघीस केली. तोवर एवढा पगार मी कुणाला दिला नव्हता. हंड्यावर नाव घालायला यंत्र घेतलं आणि विचारलं, काय घालू? म्हणाल्या, "सौ. महानंदा. तेवढंच. त्यांचं नगं."

तो माणूस यानंतर तरी खाली मान घालील असं मला वाटलं होतं. कसलं काय! महिना भरला, वहिनी पगार घेऊन घरी गेल्या आणि सकाळी अप्पा ओट्यावर हजर. आत वहिनी घागरींची चळत उचलत होत्या. त्यांच्याकडे हनुवटीनं दाखवत मला म्हणाला, "बघ काश्या, म्हनलं न्हवतं का? बसून निघतंय. माझा हिशोब चुकला न्हाई."

मी त्याच्या हातातली बशी उडवून लावली आणि चहावाल्याला बजावलं, याला माझ्या खात्यावर थेंब द्यायचा नाही. तो तसाच बसून राहिला. चार दिवसांनी बघतो तर पुन्हा चहा चालू. चहावाला म्हणाला, "वहिनींच्या नावावर मांडायला सांगितलंय अप्पांनी."

तो गेलासुद्धा त्या ओट्यावरच. भर दुपारी, भिंतीला टेकून, मांडी घातलेली. बराच वेळ कुणाला कळलंच नाही, कारण रोजच्यात आणि त्यात फरक काहीच नव्हता. वहिनी जेवायला हाक मारायला गेल्या तेव्हा समजलं.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात. खड्ड्यात त्याला मांडी घालून बसवला, भस्म लावलं, बेल वाहिला. गावकरी म्हणत होते, भाग्यवान माणूस, निम्मं आयुष्य हात न हलवता काढलं. माझ्या हाती मूठभर माती आली तेव्हा मांजरसुंब्याची जागा डोळ्यापुढं आली, हंड्यावरची पुसट अक्षरं आली, आणि बशी चाटल्याचा तो आवाज. मी माती टाकली आणि म्हणालो, "चालू दे अप्पा, तुझं चालू दे."

सगळे विधी उरकले आणि दुसऱ्याच दिवशी वहिनी दुकानात आल्या. कपाळावर फक्त भस्म. मी म्हणालो, "वहिनी, थोडे दिवस घरी बसा. पगार कापत नाही मी."

एका बाईनं मोडीला आणलेली घागर त्यांनी पुढं ओढून पालथी केली.

"नगं भावजी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलं बसायचं तेवढं त्यांनीच बसून घेतलं." आणि बुडाकडे बघू लागल्या.