पाण्यातली कॉफी, उन्हातली कॉफी

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. मी एटापल्लीला जंगल खात्यात कारकून होतो. आमचे रेंजर साहेब म्हैसूरकडचे. घरून आणलेली कॉफीची रोपं त्यांनी बंगल्यामागच्या नाल्याकाठी, आंब्याच्या सावलीत लावली होती. अकरा झुडपं जगली. त्यांना पाणी घालायला जवळच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, एक माडिया आदिवासी बाई येई. वयानं साहेबांहून मोठी, बोलणं मोजकं.

मी आलो त्या हिवाळ्यात झुडपं पहिल्यांदाच लाल फळांनी भरली. साहेबांनी निम्मी तोडली. साल हातानं काढली, बुळबुळीत बिया माठात पाण्यात घातल्या. दुसऱ्या दिवशी बोटांना खरखरीत लागेपर्यंत त्या धुतल्या आणि चटईवर वाळवल्या. "पाणी चुकलं की चव गेली," ते मला म्हणाले. त्यांच्या घरी तीन पिढ्या असंच करत होते.

मग साहेबांना हिवतापानं धरलं. बैलगाडीनं आलापल्लीच्या दवाखान्यात नेलं. ते महिन्यानं परतले, तेव्हा उरलेल्या फळांचा अंगणात काळा, सुरकुतलेला ढीग होता. हलवला की आत बी खुळखुळायचं.

साहेब पांढरे पडले. "हे काय केलंस बाई? सालीसकट?"

"झाडावर सडून राह्यली होती साहेब," ती म्हणाली. "पान्यात ठेवाचं मले कोनी सांगतलं नाई. आमी मोहफुलं वाळवतो तशी वाळवली. रोज चारदा हलवली. रातच्याले झाकली."

"फेकून दे."

ती हलली नाही. "काऊन फेकू? चाखून तर पाहा."

साहेब आत निघून गेले. चूक माझीही होती. महिनाभर ते अंगण माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी एक शब्द विचारला नव्हता. मी तिला उखळ आणून दिलं. तिनं साहेबांच्या धुतलेल्या आणि तिच्या सालीसकट वाळवलेल्या, दोन्ही बिया वेगवेगळ्या कांडून पाखडल्या. चार दिवसांनी साहेबांनीच लोखंडी तव्यावर दोन्ही वेगवेगळ्या भाजल्या.

धुतलेल्या बियांची कॉफी स्वच्छ होती. कडू, वर थोडी आंबूस, आणि घोट गेला की तोंड मोकळं. दुसरी तशी नव्हती. ती जड होती, जिभेवर रेंगाळायची आणि तिला पिकलेल्या टेंभराच्या फळासारखा गोडसर वास होता. झाडं तीच, माती तीच, नालाही तोच. मला तर ती दोन वेगळ्या मुलखांतली वाटली.

साहेबांनी दुसऱ्या भांड्यातली कॉफी पुन्हा ओतून घेतली.

"आमच्या घरी असली कॉफी गडी लोक पितात," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी कधी चाखली नव्हती."

बाईला त्यांनी पेला दिला. तिनं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "दोनी कडूच हायेत साहेब."

साहेब हसले. तापानंतर पहिल्यांदाच.

पुढच्या हंगामात त्यांनी फळांचे दोन वाटे केले. एक माठात, एक तिच्या चटईवर. ढीग किती जाड पसरायचा, किती वेळा हलवायचा, हे ते तिला विचारून वहीत लिहीत. घरी धाडायच्या पुडक्यात त्यांनी दोन्ही प्रकारच्या बिया घातल्या. घरून काय उत्तर आलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. नवे साहेब चहा पिणारे होते. झुडपं आणखी दोन वर्षं टिकली. नंतर नाल्याला पूर आला आणि काठच खचला.