कळकलेलं शरबत

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढे हात जोडले की वाक्य ओठांवर यायचं आणि मी अर्ध्यावरच दुसरं काहीतरी मागून उठायची. तुम्ही ना नात्याचे, ना गावचे — म्हणून असेल, तुमच्यापाशी जीभ उचलते आहे. गोष्ट शरबताची आहे. शरबतात लपवण्यासारखं ते काय, असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या.

आमचं घर फुलचूरला. तेव्हा फुलचूर गोंदियाबाहेरचं गाव होतं. आमच्या मागल्या दारातून पाऊल टाकलं की धानाच्या बांध्याच सुरू व्हायच्या. सासरे शेती बघायचे, थोडा तांदळाचा व्यापार करायचे. घरात माझी मोठी नणंद होती, सगुणा. लग्न होऊन दोन पावसाळे गेले नाहीत तोच नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली. मी तिला बाई म्हणायची. मी या घरात आले तेव्हा मला धड चूल पेटवता येत नव्हती; बाईनंच शिकवलं सगळं, आणि मला येत नाही हे सासूला कधी कळू दिलं नाही.

विहिरीमागं फालशाची झुडपं होती. उन्हाळ्यात ती लहान लहान जांभळी फळं पिकायची, पण सगळी एकदम नाही — रोज झुडपागणिक ओंजळभर. बाई सकाळी उन्हाआधी तोडून आणायची. हातानं कुसकरायची, मलमलच्या धडप्यात बांधून खुंटीला टांगायची आणि रस आपोआप ठिबकू द्यायची. धडपं पिळलं की तुरटपणा उतरतो, म्हणायची. मग साखरेचा पाक, त्यात तो रस, मंद विस्तव. बोट आणि अंगठा जुळवून तार बघायची. ते शरबत माठाच्या पाण्यात घातलं की ग्लास लालजांभळा व्हायचा, आणि उरलंसुरलं आम्ही लापशीवर ओतून खायचो. गोंदियाहून व्यापारी आले की सासऱ्यांना विचारायचे, फालसे का शरबत है क्या? बाईच्या वाट्याला कौतुक म्हणून आयुष्यात तेवढंच होतं.

मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा. पण हेव्यापायी केलं असं म्हणू नका — तेवढंही मोठं कारण नव्हतं माझ्यापाशी.

लढाई चालू होती. साखर मोजून मिळायची, आणि भांड्यांना कल्हई करणारा फिरकेनासा झाला होता, कारण कथीलच मिळत नव्हतं. आमचा मोठा पितळी गंज, पाक करायचं पातेलं, आतून पार पिवळा पडला होता. अशात धाकट्या नणंदेचं, शांताचं, साक्षगंध ठरलं. आमगावकडची मंडळी येणार होती. सासऱ्यांनी या दिवसासाठी साखर राखून ठेवली होती आणि शरबत बाईनंच करावं असं सासूनं सांगितलं. शरबत करायला ती चालत होती. कार्यात मात्र तिचं तोंड दिसायला नको होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी तिला गोंदियाला मावशीकडे पाठवायचं ठरलं होतं.

दिवसभर ती चुलीपाशी होती. शरबत उतरवलं तेव्हा दारात बैलगाडी जुंपून उभी होती आणि सासरे हाका मारत होते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला जवळ बोलावलं.

"गिरजे, गंजाले कल्हई नाई रायली. गरम आहे तवरच बरनीत वतजो. रातभर गंजात रायलं तं कळकते, समजलं?"

पितळेला आंबट लागून बिघडतं, ते कळकणं. मी हो म्हटलं. ती गाडीत बसली.

चिनी मातीची बरणी वर फळीवर होती. उतरवायची, पुसायची, ओतायची — केवढं काम? पण तेवढ्यात कासारीण आली. सगळ्या बायका ओसरीवर जमल्या. माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढल्या, कोपरापर्यंत म्हणाल तर खोटं होईल, पण पुष्कळ. मी हात हलवून त्यांचा आवाज ऐकत बसले.

विसरले असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण विसरले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून जाता-येता तो गंज दिसत होता. काजळी लागलेलं भांडं, नव्या बांगड्या, दमलेलं अंग — म्हटलं, सकाळी बघू. एका रात्रीत काय होतं?

सकाळी झाकण काढलं तर शरबताच्या काठाशी, गंजाला गोल फिरून, हिरवट कड धरलेली. मी बोटानं चाखलं. लहानपणी तांब्याचा पैसा तोंडात धरला की लागते ना, ती चव. मला कळलं. अगदी तिथंच, बोट तोंडात असतानाच कळलं.

म्हणजे हे बघा, मी आळस केला एवढीच ही गोष्ट नाही. ते ओतून देता आलं असतं. सासूला सांगता आलं असतं, की माझी चूक झाली, पाहुण्यांना लिंबाचं देऊ. सासू ओरडली असती. राखून ठेवलेली साखर गेली म्हणून सासरे आठवडाभर बोलले नसते. बस, एवढंच. त्याच्यासाठी मी काय केलं? वेलची कुटली आणि मूठभर त्यात टाकली. बरणीत भरलं. गंज चिंच आणि राखेनं घासून लख्ख केला.

पाहुण्यांनी शरबत प्यायलं. मुलाच्या आईनं वेलचीची तारीफ केली आणि दुसरा ग्लास मागितला. आमच्यापैकी कुणी प्यायलं नाही. पाहुण्यांना पुरावं म्हणून सासूनं तशी ताकीदच दिली होती.

शांताची ओटी भरायच्या आतच मुलाची आई अंगणात ओकायला धावली. मग मुलाचा काका, मग त्यांच्यातली एक म्हातारी. म्हातारीचं पोट असं पिळवटत होतं की तिला गुडघे सरळ करता येईनात. गोंदियाहून डॉक्टर आणला. त्यानं काय काय विचारलं, पण तोवर ग्लास धुऊन झाले होते आणि उरलेलं शरबत सासूनं रागारागानं मागल्या धानाच्या बांधीत ओतलं होतं. कुणी दगावलं नाही. पण उलट्या थांबल्या थांबल्या मुलाच्या आईनं विचारलं, शरबत कोणी केलं? आणि सासूच्या तोंडून खरं ते निघालं — सगुणानं.

विधवेच्या हातचं. झालं. मग डॉक्टरचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी बाई परत आली तेव्हा सगळं घर तिच्यावर तुटून पडलं. ती उभीच होती, हातातलं गाठोडंही खाली ठेवलं नव्हतं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

"गिरजे, बरनीत वतलं होतंस ना? गरम असतानाच?"

सगळ्यांच्या देखत विचारलं. तिनं माझ्यावर आळ घेतला नव्हता, नुसतं विचारलं होतं. मी म्हटलं, "हो. तुमी गेल्या अन् लगेच वतलं."

तिनं मान हलवली. माझं खरं मानलं तिनं! मग हळू आवाजात म्हणाली, "मंग माह्याच हातून काई झालं असन."

आमगावच्या लोकांनी सोयरीक मोडली नाही. एकच अट घातली — लग्नाच्या आधी सगुणानं हे घर कायमचं सोडावं. सासऱ्यांनी तिला तिच्या सासरी नेऊन सोडलं, तिरोड्याकडच्या एका गावात. तिथं दिराचं घर होतं. नवरा गेल्यापासून त्यांनी तिची विचारपूस केली नव्हती. जाताना तिनं मला फालशाच्या झुडपांना पाणी घालत जा म्हणून सांगितलं. मी घातलं. पुढं शरबतही मीच करू लागले, आणि व्यापारी माझ्या शरबताची तारीफ करू लागले. मी ती ऐकून घेतली.

एकदाच गेले तिला भेटायला, माझी लेक चालू-बोलू लागली होती तेव्हा. गोंदियाहून तिरोड्यापर्यंत गाडी, तिथून पायी. वाटेत मी ठरवलं होतं, आज सांगायचं. बाई अंगणात शेण सारवत होती. वाळली होती, पण मला बघून हसली. लेकीला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला. ऊन फार होतं. लेक तिला म्हणाली, "आत्या, पानी दे."

माठ तिच्या शेजारीच होता. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"तुह्या मायले माग बेटा," ती म्हणाली. "माह्या हातचं नोको. या घरातबी मी कोनाच्या खान्यापिन्याले हात नाई लावत."

कुणी मनाई केली होती म्हणून नाही. मी विचारलं तर म्हणाली, कोणी काही म्हणत नाही वं, मीच नाही लावत. उगाच लेकराबाळांच्या घरात कशाला? ती अगदी साधेपणानं बोलली, जसं एखादी आपल्याला एका डोळ्यानं दिसत नाही म्हणून सांगते.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. अंगणात आम्ही तिघीच होतो, तिसरी लहान. मी उठले, माठातून पाणी घेतलं आणि लेकीला पाजलं. बाई बाजूला सरकून बसली, मला माठाशी जागा व्हावी म्हणून.

मग आम्ही धानाचं बोललो, शांताच्या बाळंतपणाचं बोललो. ऊन उतरल्यावर मी निघाले. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली.